बिनानावाचं पिंप

जपानमधल्या मोरिओका शहराच्या झाइमोकुचो रस्त्यावर शनिवारी दुपारी बाजार भरतो. तीनच्या सुमाराला सफरचंदवाले आणि लोणचीवाले फळ्या मांडतात आणि त्याच वेळी ‘काजिका’ बारच्या दारावर, उघडल्याची खूण म्हणून, निळा पडदा चढतो. आत आठ खुर्च्या, सहा नळ आणि एक मालक, होसोकोशी. मोसम बदलला की होसोकोशी भिंतीवरच्या जुन्या कागदी पट्ट्या उतरवतो, नव्या बीअरची नावं ब्रशने लिहून चिकटवतो आणि चार लहान ग्लासांचं लाकडी ताट मांडायला घेतो. आसपासच्या छोट्या भट्ट्यांची, त्या त्या मोसमाची चार घोटांची ओळख. गल्लीतले लोक या ताटाची वाट पाहतात.

त्या ऑक्टोबरात पहिलं गिऱ्हाईक होतं मित्सुए उसुझावा. त्रेसष्ट वर्षांची, बुटकी, ताठ कण्याची बाई. तिच्या जिभेला गल्ली भीत असे. तिचा नवरा तोकुजी घरामागच्या शेडमध्ये एकतीस वर्षं बीअर करत होता आणि त्याचा प्रत्येक घाणा आधी मित्सुएने चाखलेला होता. तो ग्लास पुढे ठेवून गप्प उभा राहायचा. ती एक घोट घ्यायची आणि एकच चूक सांगायची. शाबासकी कधी दिली नाही. पुढच्या खेपेला ती चूक गेलेली असायची आणि मित्सुएला नवी सापडायची. दोघांचा संसार असाच झाला.

दोन वर्षांपूर्वी तोकुजी गेला. जाण्याआधी इस्पितळात त्याने तिचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. “माझी बीअर माझ्याबरोबर संपू दे. मागाहून कोणी काही उकळून तिला माझं नाव देऊ नये.” मित्सुएने वचन दिलं आणि ते पाळलंही. परवाना परत केला. शेड पाडली, तिथे आता सहा गाड्या उभ्या राहतात. शेडमागचं सान्शोचं, म्हणजे जपानी तिरफळाचं, झाड तोडलं. कृती कागदावर नव्हतीच, ती त्याच्या डोक्यात होती. एका मोठ्या कंपनीचा माणूस केकचा डबा घेऊन ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ काहीतरी करू म्हणत आला, तेव्हा तिने डबा त्याच्या हातात परत देऊन दार लावून घेतलं होतं.

तर त्या दुपारी होसोकोशीने तिच्यापुढे ताट ठेवलं, सोबत आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो लावून भाजलेला टोफू. पहिला ग्लास चेस्टनटचा. बरा होता, जरा गोडसर. दुसरा आंबट सफरचंदाचा. त्याच्याबद्दल ती म्हणाली, “हे बीअरवाल्यांनी करायचं काम नाही, लोणचीवाल्यांना द्या.” होसोकोशी हसला.

तिसरा ग्लास तिने तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

चेरीच्या लाकडाचा धूर. हॉपच्या ताज्या फुलांचा कडवटपणा. मग जिभेच्या कडांना मुंग्या आणणारी सान्शोची तिरफळं. आणि सगळ्यात शेवटी, फार बारीक, लोखंडाची चव. तोकुजी तिरफळं एका जुन्या बिडाच्या किटलीत उकळायचा, त्याची ती चव. त्या किटलीचा तळ गेला होता आणि आता तिच्यात मित्सुएच्या खिडकीतलं नेचं वाढत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ही कोणाची?” तिने विचारलं.

“नवी भट्टी आहे म्हणे,” होसोकोशी म्हणाला. “का? आवडली?”

“आवडली? मालक, ही चोरीची आहे! माझ्या नवऱ्याची बीअर चोरून विकता आणि वर मलाच पाजता? लाज नाही वाटत?”

होसोकोशीच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने तिला आत नेऊन पिंप दाखवलं. साधं पोलादी पिंप, त्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं ‘शरद’. भट्टीचं नाव नाही, तारीख नाही. शुक्रवारच्या गाडीतून नेहमीच्या तीन पिंपांबरोबर हे चौथं उतरलं होतं. नमुना असेल असं समजून त्याने नळाला लावलं. त्याने तिच्यासमोर गाडीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही तीनच चढवली.

“चोर तर चोर, वर कामही धड नाही,” मित्सुए कडाडली. “हॉप्स दोन दिवस जास्त ठेवलेत. गवत चघळल्यासारखं लागतंय. नक्कल करायची तर नीट करा म्हणावं!”

चौथा ग्लास तिने चाखलाही नाही.

चोर कोण, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. ती कृती तोकुजीशिवाय ज्याने हाताळली असा माणूस एकच होता, तातारा. नऊ वर्षं तोकुजीच्या हाताखाली काम करून एक दिवस भांडून निघून गेलेला, आता नदीपलीकडे सोया सॉसच्या कारखान्यात लागलेला. सोमवारी सकाळी मित्सुए कारखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली आणि दहा माणसांदेखत तिने त्याला फैलावर घेतलं. “मीठ खाल्लंस आमचं! मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास पळवतोस?” तातारा पंचेचाळीस वर्षांचा, खांद्याने रुंद गडी. पण तो शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “वहिनी, मी काही केलेलं नाही. शनिवारी येतो. मला चाखू द्या.”

तो आला. होसोकोशीने ग्लास भरून दिला. ताताराने वास घेतला, घोट घेतला आणि डोळे मिटून बसला.

“आता का दातखीळ बसली?” मित्सुए म्हणाली.

“उस्तादांचीच आहे,” तो हळूच म्हणाला.

“ते मलाही कळतं!”

“तसं नाही, वहिनी. ही जुनी नाही. उस्ताद तिरफळं वाळवून घालायचे. यात हिरवी आहेत. मी इस्पितळात भेटायला गेलो होतो तेव्हा म्हणाले होते, वाळवलेली चुकलीच, पुढच्या वर्षी हिरवी घालून बघतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

बाहेर सफरचंदवाला भाव ओरडत होता.

मित्सुएला घाबरायला हवं होतं. तिला राग आला. “तुला सांगितलं? भांडून गेलेल्या माणसाला? आणि एकतीस वर्षं शेजारी उभी होते तिला नाही?” ती पर्स उचलून निघाली आणि जाताना पडद्यात डोकं अडकलं म्हणून पडद्यालाही दोन शब्द सुनावून गेली.

डिसेंबरात होसोकोशीने नव्या पट्ट्या लावल्या त्या दिवशी तिला जायचं नव्हतं. तरी ती गेली. तातारा आधीच येऊन बसला होता. होसोकोशीने आतून पिंप सरकवत आणलं. पांढरी पट्टी. ‘हिवाळा’.

“गाडीवाले?” तिने विचारलं.

“तीनच चढवली म्हणतात.”

ग्लास आले. मित्सुएने घोट घेतला. धूर, तिरफळं, लोखंड. आणि कडवटपणा स्वच्छ, नितळ. गवताची चरचर गेली होती. हॉप्स बरोब्बर दोन दिवस कमी ठेवले होते.

“ताजी फुलं,” तातारा ग्लासाकडे बघत म्हणाला. “हॉपची तोडणी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आटोपते. डिसेंबरात ताजी फुलं या बेटावर कुठेच नाहीत.”

“धूर फार झालाय,” मित्सुए म्हणाली.

ती बोलली आणि मग तिने ओठ आवळले. पण बोलून झालं होतं. एकतीस वर्षांची सवय, घोट पोटात जायच्या आत चूक बाहेर यायची. तातारा तिच्याकडे बघत राहिला.

“वहिनी, मागच्या वेळी तुम्ही इथे काय म्हणालात? मालकांनी सांगितलं मला. हॉप्स दोन दिवस जास्त, असंच ना?”

“मग?”

“मग ते दुरुस्त झालं.”

तेव्हा काउंटरमागे होसोकोशीने एकदम मान खाली घातली. इतकी, की कपाळ लाकडाला टेकलं.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “मित्सुए-सान, यंदा उन्हाळ्यात त्यांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला आपण सगळे इथे जमलो होतो. तुम्ही भिक्षूंना टॅक्सीपर्यंत पोचवायला गेला होतात. तोकुजी-सानच्या जागेवर त्यांच्या नावाचा ग्लास भरून ठेवला होता. मी माझा ग्लास उचलला आणि... त्यांच्या ग्लासाला लावला. सवयीने. मग सगळ्यांनीच लावला. चांगला आवाज झाला.”

मित्सुएचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मेलेल्यासाठी पेला नुसता उचलतात. गुपचूप, आवाज न करता. ग्लासाला ग्लास जिवंत माणसं लावतात, पुढेही एकत्र बसायचं असतं म्हणून. हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं.

“आणि कोणीतरी ओरडलं,” होसोकोशी पुटपुटला, “तोकुजी, पुढच्या मोसमात काय पाजणार?”

“कोणीतरी म्हणजे कोण?”

“...मीच.”

“अरे गाढवा!” मित्सुए उभी राहिली. “पन्नाशी उलटली तरी मेलेला आणि जिवंत यांतला फरक कळत नाही तुला? तो मेला होता रे, सुट्टीवर गेला नव्हता! शेवटचं एक मागणं होतं त्याचं, संपू दे म्हणून. मी शेड पाडली, झाड तोडलं, लोकांना दारातून हाकललं. आणि तू त्याला ऑर्डर देऊन बसलास?”

होसोकोशीचं कपाळ लाकडावरच होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर मेल्यावरही जायला कोणी वाव दिला नव्हता.

उपाय ताताराने सुचवला. पुढच्या मोसमाला तिघांनीच बसायचं. तोकुजीच्या जागेवर ग्लास ठेवायचा आणि या वेळी रीतीप्रमाणे निरोप द्यायचा. “आणि वहिनी, हात जोडतो, तुम्ही चूक काढू नका. चूक नाही तर पुढचं पिंप नाही. उस्ताद थांबतील.”

“मला शिकवू नकोस,” ती म्हणाली. पण तिला ते पटलं होतं. वचन तिने दिलं होतं, आणि ते आता फक्त तिच्या गप्प राहण्यावर अवलंबून होतं.

फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग कमरेएवढे होते. शनिवारचा बाजार थंडीत बंद असतो, गल्ली सामसूम होती. होसोकोशीने पडदा बाहेर लावलाच नाही. दुपारचं पांढरं ऊन काचेतून काउंटरवर पडलं होतं. पिंपावरच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘वसंताची चाहूल’.

चार ग्लास भरले. चौथा भिंतीजवळच्या खुर्चीपुढे ठेवला.

तिघांनी ग्लास डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलले. कोणी कुणाच्या ग्लासाला लावला नाही.

“तोकुजी,” मित्सुए म्हणाली. लोकांसमोर नवऱ्याचं नाव ती पहिल्यांदा घेत होती. “काम झालं तुझं. पुढचा मोसम नाही. जा आता.”

मग ते प्यायले.

धुराचा आता एक धागा उरला होता. हॉप्स जिथे हवेत तिथे. तिरफळं शेवटी हळूच येत होती. मित्सुएने अशी बीअर आयुष्यात चाखली नव्हती आणि त्याचा तिला भयंकर राग आला. एकतीस वर्षं तिच्या नाकाखाली त्याने असलं काही केलं नव्हतं. मेल्यावर सुचलं!

पण एक गोष्ट खटकत होती. घोट खाली उतरत होता आणि मध्येच थांबत होता. बीअरला शेवट नव्हता. जिभेवर सगळं जमून यायचं आणि मग नुसतीच वाट बघायला लावायचं. करणारा ग्लास पुढे ठेवून उभा राहिला असावा, तसं.

ताताराला ते कळलं. तो तिच्याकडे बघत होता आणि नकारार्थी मान हलवत होता.

ती गप्प बसली. मूग गिळून, दात आवळून बसली. ग्लास खाली ठेवला. हात मांडीवर घेतले.

भिंतीजवळच्या ग्लासातला फेस हळूहळू खाली बसत होता.

“चांगली आहे,” होसोकोशी घाईने म्हणाला. “फारच चांगली आहे. नाही का, तातारा-सान? काहीच कमी नाही.”

ते खोटं होतं, आणि बीअरबद्दलचं खोटं मित्सुएला कधी सहन झालं नव्हतं.

“काहीच कमी नाही?” ती फिस्कारली. “शेवट कुठाय तिला? हवेत लटकवून ठेवलीय! एकट्याने केलं की असंच होणार. शेजारी चाखायला कोणी नको का?”

बोलली आणि थांबली.

नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि खालच्या जाळीवर पडला.

“वहिनी,” तातारा अगदी हळू म्हणाला, “असं बोलायला नको होतं.”

“का?” ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. “खरं तेच बोलले.”

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वसंताच्या पट्ट्या लागल्या. होसोकोशी धावत तिच्या घरी आला. चपला उलट्यासुलट्या, दारातूनच ओरडला, “आलं नाही! तीनच उतरली. कालही नाही, आजही नाही. गाडीवाल्यांना दोनदा विचारलं.”

मित्सुए खुर्चीवर बसली. तिने नुसतं “हं” केलं. होसोकोशी गेल्यावर मात्र ती रडली, आणि रडताना नवऱ्याला शिव्याही घातल्या. गेला तर गेला, निदान सांगून जायचंस. पण वचन पाळलं गेलं होतं. शेवटी त्याचा शब्द तिने राखला होता.

दुसऱ्या दिवशी पितरांचा सण होता. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या आठवड्यात सगळं मोरिओका कितायामाच्या देवळांकडे फुलं घेऊन जातं. मित्सुए सकाळी दहाला निघाली. ऊन छान होतं. देवळामागच्या उतारावर सीडरच्या झाडांच्या सावलीत बर्फ अजून टिकून होता. तिने थडग्यावरची पानं झाडली, दगडावर पाणी ओतलं, उदबत्ती लावली.

“झालं एकदाचं समाधान?” ती दगडाला म्हणाली. “किती छळलंस.”

मग ती बाजूचा भाग पुसायला वळली.

तिथे दोघांची नावं कोरलेली होती. नवराबायकोचा एकच दगड असला की मागे राहिलेल्याचंही नाव तेव्हाच कोरून घेतात. जिवंत माणसाच्या अक्षरांत लाल रंग भरतात, आणि ते माणूस गेलं की रंग काढून टाकतात. तोकुजीची अक्षरं कोरी होती. मित्सुएच्या नावाची दोन चित्राक्षरं, गेली दोन वर्षं, लाल होती.

आज पहिलं अक्षर कोरं होतं.

थंडीने रंग उडाला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. खाली वाकून पाहिलं. पोपडे नव्हते. खाचा कोपऱ्यापर्यंत स्वच्छ होत्या, घाईगर्दी न करता, ब्रशाने धुतल्यासारख्या.

दुसरं अक्षर अजून लाल होतं. त्याचा फक्त पहिला फराटा गेला होता.

तिला आधी संताप आला. नेहमीचाच.

“म्हाताऱ्या!” ती ओरडली. खालच्या ओळीतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. “मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस?”

सीडरवरून थोडा बर्फ खाली घसरला.

मित्सुएने पुढे होऊन उरलेल्या लाल खाचांवर अंगठा दाबून धरला. घट्ट, सगळा जोर लावून. दगड बर्फासारखा गार होता. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

मग हात भरून आला, म्हणून तिने अंगठा उचलला. रंग त्याच्याबरोबर निघून आला होता.